तारण म्हणजे गहाण नव्हे

मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर यांपैकी कोणत्याही बाजारपेठेतून फेरफटका मारला, तर ‘तारण’ हा शब्द दृष्टीस पडल्यावाचून राहत नाही. पतसंस्थेच्या पाटीवर तो असतो, बँकेच्या कर्ज-अर्जावर तो असतो. सोनेतारण कर्ज, मालतारण कर्ज, विनातारण कर्ज. गळ्यातले डोरले आणि शेताचा सातबारा यांच्याशी ह्या शब्दाची सोयरीक जुळून कैक पिढ्या लोटल्या. मग रविवार उजाडतो. तोच माणूस ख्रिस्तमंदिरात येतो आणि वेदीवरून ऐकतो, की प्रभू येशू ख्रिस्ताने आपले तारण केले. त्या क्षणी त्याच्या मनात कोणते चित्र उभे राहत असेल, हा प्रश्न आपण कधी स्वतःला विचारला आहे काय?

माझे म्हणणे मी आडपडदा न ठेवता मांडतो. पवित्र शास्त्रातील नित्याचे शब्द आपल्या घराघरांत अर्धवट समजले जातात, आणि शब्द चुकीचा ऐकला की देवही चुकीचा कळतो. ह्या चुकीच्या ऐकण्याची एक विलक्षण गोष्ट अशी, की ते दर वेळी एकाच दिशेला झुकते. तारण, खंडणी, करार, कृपा, पश्चात्ताप हे पाच शब्द घ्या. बाजाराच्या तराजूत चढले, की पाचांतूनही पित्याऐवजी सावकाराचा चेहरा डोकावू लागतो.

सावकार म्हणजे काय, हे पुणे जिल्ह्याला शिकवायला नको. १२ मे १८७५ रोजी ह्याच जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि पाहता पाहता तो उठाव पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि खतपत्रे हिसकावून घेऊन त्यांची होळी करण्यात आली. आता संत पौलाचे कलस्सैकरांस लिहिलेले पत्र उघडा आणि दुसऱ्या अध्यायातील चौदावे वचन वाचा. तेथे पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘खेइरोग्राफोन’ असा आहे, म्हणजे ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कर्जरोखा. देवाने तो रोखा रद्द केला आणि क्रुसाला खिळून टाकला, असे पौल सांगतो. जो देव स्वतः रोखा नष्ट करतो, त्यालाच रोखा उशाशी घेऊन बसलेला सावकार समजावे, याहून मोठी विटंबना कोणती?

प्रथम ‘तारण’ हाच शब्द पाहू. तारणे म्हणजे पाण्यातून पार नेणे, बुडत्याला वाचविणे. ‘येशू’ ह्या नावाचा अर्थच ‘परमेश्वर तारतो’ असा आहे, आणि मत्तयाने आपल्या पहिल्याच अध्यायात तो उलगडून दाखविला आहे. पतसंस्थेच्या तारणाने पैसे देणाऱ्याचे रक्षण होते; शास्त्रातील तारणाने बुडणाऱ्याचे रक्षण होते. रक्षण कोणाचे, एवढ्या एका प्रश्नात सारा फरक सामावला आहे. जुन्या करारात ‘गोएल’ असा एक सुंदर हिब्रू शब्द येतो. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात विधान आहे, की दारिद्र्यामुळे एखाद्याने वतनाची जमीन विकली, तर त्याच्या जवळच्या आप्ताने ती सोडवावी; तो स्वतः विकला गेला, तर त्यालाही सोडवावे. असे सोडविणारा आप्त म्हणजे गोएल. बवाजाने हेच कर्तव्य बजावले आणि रूथला आपलेसे केले. आपल्याकडे भाऊबंद म्हटले की भाऊबंदकी आठवते, बांधाचे भांडण आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. इस्राएलात भाऊबंदाचे काम बांध कोरण्याचे नव्हते, गेलेले वतन सोडवून आणण्याचे होते. आणि यशया संदेष्टा प्रत्यक्ष परमेश्वरालाच गोएल म्हणतो! देव आपला सर्वांत जवळचा भाऊबंद आहे, हे एकदा कळले, की ‘तारण’ हा शब्द पुन्हा कधीही तिजोरीतल्या दागिन्याची आठवण करून देणार नाही.

दुसरा शब्द ‘खंडणी’. आपल्या प्रचलित भाषांतरात, प्रभूने पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून दिला, अशा अर्थाचे वचन मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत आहे. आजचा तरुण हा शब्द कोठे वाचतो? वर्तमानपत्राच्या गुन्हेवृत्तात. गुंड खंडणी मागतो, व्यापारी भीतीने देतो. मग पुत्राची खंडणी मागणारा गुंड कोण? मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ होय. गुलामाला अथवा युद्धकैद्याला मोकळे करण्यासाठी भरावयाचे मोल, असा त्याचा अर्थ. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या संत ग्रेगरीने हा प्रश्न रोखठोक विचारला होता, की हे मोल घेतले कोणी? सैतानाला ते मिळाले ही कल्पना त्याने संतापून धुडकावली, आणि पित्याला पुत्राच्या रक्ताची हाव होती हेही त्याने नाकारले. शास्त्राचा सारा भर मोल घेणाऱ्यावर नाही. मोकळा झालेल्यावर आहे. आपल्या देशात वेठबिगारी कायद्याने १९७६ मध्ये नष्ट केली. बापाच्या कर्जापायी मुलाने राबायचे, ही रीत ज्यांनी पाहिली त्यांना ‘वेठीतून सोडविणे’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. खंडणीचा खरा अर्थ त्यांना आपल्या पंडितांहून लवकर कळेल.

तिसरा शब्द ‘करार’. करार म्हटला की दोन पक्ष, दोन सह्या, अटी आणि अटी मोडल्यास दंड. हीच समजूत घेऊन आपण प्रार्थनेला बसतो. मुलगा बारावीत उत्तीर्ण होऊ दे, मग वांद्र्याच्या मोतमावलीला मेणबत्त्या वाहीन. पाऊस वेळेवर येऊ दे, मग मिस्सा सांगेन. कृतज्ञतेने केलेला नवस फेडणे वेगळे. तो भक्तीचाच एक उद्गार आहे. परंतु देवाशी घासाघीस करणे हे शास्त्राला ठाऊक नाही. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात करार कसा झाला ते पाहा. त्या काळच्या रीतीप्रमाणे कापलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून करार करणाऱ्याने चालत जायचे असे. येथे अब्राहामाला गाढ निद्रा लागली आहे, आणि तुकड्यांमधून जाते ती केवळ देवाची जळती मशाल. एका पक्षाने झोपून राहायचे आणि दुसऱ्याने सारी जोखीम पत्करायची, असा करार कोणत्या स्टॅम्पपेपरावर झाला आहे? जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांपुढे दोन बरोबरीच्या पक्षांच्या तहासाठी वेगळा शब्द उपलब्ध होता. तो सोडून त्यांनी ‘दिआथेके’ हा शब्द निवडला. मृत्युपत्रालाही ग्रीकमध्ये हाच शब्द आहे. आणि खुद्द आपली मराठीही येथे साह्याला येते. दिलेला शब्द न मोडणाऱ्या माणसाला आपण ‘करारी’ म्हणतो. प्रत्येक मिस्साबलीत प्याला उचलताना ज्या नव्या कराराचा उच्चार होतो, तो ह्या करारी देवाचा करार आहे.

चौथा शब्द ‘कृपा’. शाळेच्या निकालपत्रकाने त्याचे मोठे नुकसान केले आहे. पाच गुण कमी पडले, परीक्षकाने कृपागुण देऊन वर ढकलले, एवढाच अर्थ उरला. आधी आपले कष्ट, मग उरलेल्या फटीत देवाची कृपा. कित्येकांना हीच कॅथलिक शिकवण वाटते, आणि कृपा प्रथम म्हणणारा माणूस दुसऱ्या पंथाचा वाटतो! त्यांनी त्रेंतच्या महासभेचा १५४७ चा आदेश पाहावा. नीतिमान ठरण्याचा आरंभच ख्रिस्ताद्वारे येणाऱ्या देवाच्या कृपेने होतो, आणि ती कृपा आपल्या कोणत्याही पुण्याईची वाट पाहत नाही, असे तेथे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. आपले कष्ट हे त्या कृपेचे फळ होत. तिची किंमत नव्हेत.

पाचवा शब्द ‘पश्चात्ताप’. शब्दशः पाहिले तर मागाहून होणारा ताप. हळहळलो, डोळे पुसले, प्रायश्चित्त म्हणून सांगितलेल्या ‘नमो मारिया’ म्हटल्या, हिशेब मिटला. परंतु प्रभूने गालीलात ज्याची हाक दिली ती ‘मेतानोइया’ म्हणजे मनाचे पालटणे; आणि संदेष्ट्यांचा हिब्रू शब्द ‘शूब’ म्हणजे माघारी फिरणे, घरी परतणे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकटा मुलगा घरी निघतो तेव्हा त्याने एक अर्ज पाठ केलेला असतो : मला मुलगा म्हणू नका, सालगडी म्हणून ठेवा. म्हणजे तोही करारनामाच घेऊन आलेला! प्रत्यक्ष भेटीत मात्र सालगड्याचे वाक्य त्याच्या ओठांवर येतच नाही; त्याआधीच बाप झगा, अंगठी आणि पायतणे मागवितो. पश्चात्तापाची किंमत ठरविण्याची संधी ह्या बापाने दिलीच नाही. आपल्यातील किती जण अजूनही तो सालगड्याचा अर्ज खिशात घेऊन फिरत आहेत?

येथे काही सुज्ञ वाचक तीन आक्षेप घेतील.

पहिला आक्षेप : शब्दांचे एवढे काय, श्रद्धा खरी असली म्हणजे झाले. हा आक्षेप दिसतो नम्र, पण आहे आळशी. सातबाऱ्यावरचा एक शब्द चुकला, तर हाच माणूस तलाठ्याकडे चार खेपा घालतो. तेथे शब्दाला किंमत आहे आणि आत्म्याच्या बाबतीत नाही, असे त्याला म्हणावयाचे आहे काय?

दुसरा आक्षेप : अवघड शब्द काढून टाका, सोपे घाला. सोपी भाषा हवीच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचताना जुन्या कवींचे दुर्बोध शब्द टाळले. तो ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला. आपल्याच जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबल आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. ह्या तिघांचे ऋण मोठे आहे. परंतु कोणताही सोपा शब्द बाजाराच्या धुळीपासून कायमचा सुरक्षित राहत नाही. आज ‘तारण’ काढून ‘मुक्ती’ घातले, तर उद्या ‘कर्जमुक्ती’ची घोषणा तोही शब्द पळवून नेईल. शब्द बदलणे हा तात्पुरता उपाय. शब्द उघडून दाखविणे हे प्रत्येक पिढीचे काम.

तिसरा आक्षेप सर्वांत घातक : हे फादरांचे काम, आम्हां अडाण्यांना त्यात काय कळते? येथे मी वाद घालणारच. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये ‘देई व्हर्बुम’ ह्या दस्तऐवजात बजावले, की पवित्र शास्त्राची वाट सर्व श्रद्धावंतांना मोकळी असली पाहिजे. आणि काही शब्द तर सेमिनरीत शिकलेल्यापेक्षा तुम्हांलाच अधिक कळतात. योहानच्या पंधराव्या अध्यायात जुन्या भाषांतराप्रमाणे आपण वेलाचे ‘फाटे’ आहोत. आजच्या मुलाला फाटा म्हटले की आळेफाटा दिसतो! पण नारायणगावचा द्राक्ष बागायतदार त्याला सांगेल, की आमच्या भाषेत ह्याला काडी म्हणतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली नाही, तर वेल नुसता पाल्याने माजतो. छाटणे आणि शुद्ध करणे यांना योहानच्या ग्रीकमध्ये एकाच मुळाचे शब्द आहेत, एवढे धर्मगुरूने सांगावे. बाकीचे प्रवचन बागायतदाराने करावे. जकातदार जक्कयाचेही तसेच. जकात मुंबईतूनही २०१७ मध्ये उठली. मुलांना तो शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांना नाणेघाटात न्या, तेथे जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण दाखवा, आणि सांगा, की असल्या नाक्यावर परक्या सत्तेच्या आश्रयाने वाजवीहून अधिक वसूल करणाऱ्याच्या घरी प्रभू आपण होऊन जेवायला गेला.

जुन्नरच्या लेण्यांत सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत स्वतःला यवन म्हणविणाऱ्या दात्यांचेही आहेत. एकाने पाण्याच्या पोढ्या खोदून दिल्या, एकाने भोजनमंडप दिला. परदेशी वळणाच्या ह्या माणसांनी आपले दान कोरविले ते येथील लोकांच्या प्राकृत भाषेत. पाणी ज्यांच्यासाठी, अक्षरे त्यांना वाचता यावीत, एवढे शहाणपण त्या व्यापारी पेठेला होते. आपल्याजवळ तर जिवंत पाण्याचा झरा आहे, आणि आपण त्यावरची पाटीसुद्धा वाचावयाची टाळावी?

म्हणून प्रत्येक कुटुंबाला माझे आग्रहाचे मागणे आहे. सायंप्रार्थनेला आठवड्यातून एकच शब्द घ्या. तो शास्त्रात कोठे येतो ते वाचा, आपल्या शेतात, बाजारात, ओसरीवर तो कोणत्या अर्थाने वावरतो ते बोला, आणि दोन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहा. अडले तर धर्मगुरूला गाठा. तो टाळाटाळ करू लागला, तर पुन्हा गाठा. आणि पुढच्या वेळी मुलाचा हात धरून बाजारातून जाताना त्याने सोनेतारणाची पाटी मोठ्याने वाचली, तर त्याला तेथेच थांबवून सांगा : बाळा, ह्या दुकानात वस्तू अडकते, प्रभूच्या दारी माणूस सुटतो. शब्द एकच आहे, म्हणूनच नीट शिकून घे.