जुना पिकअप आणि ड्रायव्हरचे खांदे

मालवाहू गाडीवर घर चालवणारी कुटुंबे आपल्या वस्त्यांतून बरीच आहेत. काहींच्या दारात आजही जीपच्या घराण्यातला जुना पिकअप उभा दिसतो. १९४७ साली महिंद्रने मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, त्या जीपचीच ही वंशावळ. इंजिन दणकट, पाटे दणकट. पण माल भरून अरुंद गल्लीत गाडी वळवायची म्हटली की खांद्यांची परीक्षा. पन्नाशीच्या ड्रायव्हरला रात्री हात वर करून सदरा काढता येत नाही, हे घरातल्या बाईला ठाऊक असते. माल उतरवून घेणाऱ्या शेठजीला नसते. म्हणून अशा गाडीला पॉवर स्टिअरिंग बसवण्याचा विचार आम्ही चैनीत धरत नाही.

ही सोय ज्याने उभी केली तो माणूसही ट्रकवालाच. अमेरिकेतील पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात मुख्य इंजिनिअर राहिलेल्या फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग गाडीला बसवून दाखवले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी गाड्यांना लागले. बाजारात विकायच्या मोटारीत आले १९५१ साली, तेही क्रायस्लरच्या इम्पीरिअल या श्रीमंती गाडीत! ओझे वाहणाऱ्याच्या वाट्याला ते मागाहून आले.

त्याचे काम समजायला सोपे आहे. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. आपण स्टिअरिंग ज्या बाजूला वळवू त्या बाजूला बॉक्समधला व्हॉल्व्ह तेल सोडतो, आणि आतला पिस्टन उरलेला जोर लावतो.

आम्ही पडलो कारकून. नवा खर्च मंजूर करण्याआधी जुनी खतावणी तपासण्याची आमची खोड. पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस कधी मिळाले होते? टायरमध्ये हवा पुरेशी आहे ना? शोभेसाठी रुंद टायर तर चढवलेले नाहीत? एवढे नीट केले तरी हाताचा भार कितीतरी उतरतो. आणि सांधे ढिले असतील तर ते आधी बदलावेत. पॉवर स्टिअरिंग हाताला हलके लागते, त्यामुळे ढिलाई जाणवत नाही. ती जात मात्र नाही.

मग बॉक्सची निवड. भंगार बाजारात नव्या गाड्यांचे बॉक्स मिळतात, पण स्वस्त म्हणून कोणताही उचलू नये. दुसऱ्या गाडीचा बॉक्स उलट्या बाजूने बसला तर स्टिअरिंग डावीकडे आणि गाडी उजवीकडे, असा प्रकार होतो. शिवाय आता बॉक्स चेसिसवर पूर्वीपेक्षा जास्त जोर टाकणार. जुन्या, गंजलेल्या पट्टीवर नुसता पत्रा वेल्ड केला तर भेग पडते. आतून जाड पट्टी देऊन आरपार बोल्ट हवेत. स्टिअरिंगचा दांडा कापून कसाही जोडू देऊ नये; खाचांचा तयार जॉइंट घ्यावा. तो वळणावर निखळला तर गाडीत बसलेला पोरगाही वाचायचा नाही. या ठिकाणी मिस्त्रीशी घासाघीस करणारा आम्हाला मुळीच शहाणा वाटत नाही.

कागदाचेही पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतील फेरफारांवर बंधने आहेत. मालवाहू गाडीला फिटनेसही लागतो. काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारावे आणि उत्तराची प्रत गाडीत ठेवावी. तोंडी होकाराला नाक्यावर कोणी विचारत नाही.

काम झाल्यावर पुढची चाके जॅकवर उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, म्हणजे तेलातली हवा निघते. रोज चालवताना ते शेवटच्या टोकाला दाबून धरू नये; तेल तापते, पंप ओरडतो. आणि एक जुनी सवय: डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची. इंजिन बंद झाले की पंपही बंद. स्टिअरिंग तुटत नाही, पण एकदम जड होते, आणि तेही भरल्या गाडीत, घाटाच्या वळणावर. ती सवय गाडी गॅरेजमध्ये घालण्याआधीच सोडावी.