थिअरॉटिकली तळं आपलंच होतं

‘थिअरॉटिकली’ हा शब्द आता आपल्या पोरांच्याही तोंडात बसलाय. बसू दे. इंग्रजी कुणाच्या बापाची इस्टेट नाही. पण दोस्तांनो, शब्द उचलण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा.

या क्रियाविशेषणाचे अर्थ दोन. पहिला सरळ : सिद्धांताच्या अंगानं. ‘प्रश्न थिअरॉटिकली मांडा’, म्हणजे मुळाशी जा. दुसरा बेरकी : नियमानं असायला हवं, पण नाही. ‘थिअरॉटिकली नळाला सहाला पाणी येतं’, म्हणजे येत नाही, हंडा घेऊन दुसरीकडं पळा. आपण याला ‘कागदोपत्री’ म्हणतो. सरकार म्हणतं, ‘तत्त्वतः मान्य’.

पांढरपेशा माणूस पहिल्या अर्थाची इभ्रत घेतो अन् दुसऱ्या अर्थाच्या पळवाटेनं निसटतो. ‘थिअरॉटिकली जात संपलीय!’ खोटं कबूलही झालं, अन् खोटं बोलणारा सापडलाही नाही.

महाड बघा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळानं बोल्यांचा ठराव केला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. थिअरॉटिकली तळं आपलंच होतं. पाण्याला हात मात्र लावू देत नव्हते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले, हजारो माणसं पाणी प्याली. मग डोकी फुटली. अन् त्याच साली नगरपालिकेनं ठरावच मागं घेतला! अंमल होत नव्हता तोवरच ठराव चालत होता. पुढं कोर्टात १९३७ उजाडलं.

नामांतराचं तेच. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला. मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. अंमल झाला १४ जानेवारी १९९४ ला, तोही नामविस्तार म्हणून. साडेपंधरा वर्षं नाव थिअरॉटिकली बदललेलं!

म्हणून थिअरी फेकून द्यायची? मुळीच नाही. या शब्दाचं ग्रीक मूळ आहे ‘पाहणं’. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, अन् अकरा वर्षांनी तेच तळ्याच्या पाण्याला भिडले. आधी नीट पाहिलं, मग हात घातला. थिअरी अशी असते.

पहिला अर्थ आपला. तो सोडू नका. अन् दुसरा अर्थ घेऊन कुणी समोर आला, की एवढंच विचारा : अंमल कधी? तारीख सांग.