झाडूला वारसा, थेरपीला कंत्राट?

पक्षाघाताने लुळा पडलेला हात पुन्हा घास उचलू लागावा, सदऱ्याचे बटण लावू लागावा, म्हणून रुग्णाकडून रोज सराव करून घेणे हे ऑक्युपेशनल थेरपी सहाय्यकाचे काम. मुंबईच्या केईएममध्ये १९५० साली कमला निंबकरांनी या विद्येची शाळा काढली. आज आमच्या वस्तीतली मुलेही या पदासाठी अर्ज करतात. मागे आम्ही एका मुलीसोबत थेट मुलाखतीला गेलो. अकरा महिन्यांचे कंत्राट, तेही एजन्सीमार्फत. अर्जात जातप्रवर्गाचा रकानाच नाही! विचारले तर उत्तर मिळाले, "कंत्राटीला कसले आरक्षण?"

त्याच रुग्णालयात झाडू कोण मारते, हे सांगायला हवे का? तिथे लाड-पागे समितीच्या शिफारशीने वारसाहक्क आहे. (तो राहिलाच पाहिजे, आमचे भांडण त्याच्याशी नाही.) पण घाण उपसायला आमच्या पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि रुग्णाचा हात हातात घ्यायची वेळ आली की यांना 'गुणवत्ता' आठवते!

४५ दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण द्या, अशा केंद्राच्या सूचना केंद्रीय खात्यांना आहेत. मग राज्यातल्या रुग्णालयांचे अकरा महिने ४५ दिवसांहून लहान असतात काय? २०२३ मध्ये तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा याच राज्याला कंत्राटी भरतीचा शासन निर्णय रद्द करावा लागला होता.

तेव्हा मित्रांनो, अर्ज कराच. रकाना नसेल तर जातीचा दाखला वेगळा जोडा, पोच घ्या, माहिती अधिकारात बिंदुनामावली मागा. आणि नकार तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी मागा.