पाणबुडी कुणाचीही असो, खडक सुरयांचे

2023च्या डिसेंबरात दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळीत एकच वाद: सिंधुदुर्गची पाणबुडी गुजरातनं पळवली की नाही? निवतीच्या समुद्रातली पर्यटक पाणबुडी महाराष्ट्रानं 2018 सालीच जाहीर केली होती, आणि आता बातमी आली द्वारकेची. मी बडोद्याचा, आजोळ वेंगुर्ल्याचं. टोमणे दोन्हीकडून खाल्ले. पण ज्यांच्या दारात ही जत्रा भरायची, त्या पाखरांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

वेंगुर्ला रॉक्स म्हणजे निवतीच्याच भर समुद्रातला, दीपगृह असलेला ओसाड खडकांचा पुंजका. तिथल्या कपारीत पाकोळ्या लाळेनं घरटी चिकटवतात. त्या घरट्यांची चोरी व्हायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ती उघडकीला आणली. चोर निदान पकडता तरी येतो. तिथल्याच सुरय पक्ष्यांचं दुखणं वेगळं आहे. मोठा तुरेवाला सुरय घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं, तेही ठिपक्यांचं, पायाखाली आलं तरी दिसणार नाही असं. भर उन्हात आईबाप त्यावर बसतात ते ऊब द्यायला कमी, सावली धरायला जास्त. खडकावर माणूस उतरला की सगळा थवा कलकलाट करत उठतो. आपण खूश होऊन मोबाइल काढतो आणि खाली अंडी तापत राहतात. कुणी काही चोरलेलं नसतं, तरी त्या वर्षाची वीण जाते.

आमच्या नर्मदेच्या वाळूवर नदी सुरयांचं हेच होतं, फक्त तिथे भटकी कुत्रीही असतात.

द्वारकेकडचं ओखामंडळ एके काळी बडोदा संस्थानात होतं. तिथल्या समुद्री जीवांची पाहणी सयाजीरावांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून करून घेतली. अहवालाचा पहिला भाग 1909 साली छापला गेला. हेतू व्यापाराचाही होता, हे खरं. पण समुद्रातून काही काढण्याआधी त्यात आहे काय, हे विचारायची रीत होती.

पाणबुडी आपली पाण्याखाली फिरेल. मला धास्ती आहे ती तिच्यामागून येणाऱ्या होड्यांची आणि ‘जरा पाच मिनिटं उतरू द्या’ म्हणणाऱ्यांची. माशांच्या विणीसाठी 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद ठेवतोच ना आपण? कोळी पोटाला चिमटा घेऊन ते पाळतात. मग ऐन उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत या खडकांवर पाऊल ठेवायला बंदी घालणं कितीसं अवघड आहे? होडीवाल्यांचा धंदा बुडणार नाही. डॉल्फिन होडीतूनच दिसतात आणि सुरयही, दुर्बीण असली तर उतरण्यापेक्षा चांगले. ही अट दोन्ही सरकारांनी पहिलं तिकीट फाडण्याआधी लिहून काढावी.