देवाच्या गाण्याला वेगळे कपाट कशाला?

वसतिगृहाच्या खोलीत एका संध्याकाळी मी हँक विल्यम्सचे 'आय सॉ द लाइट' हे गाणे ऐकत बसलो होतो. गिटारचा ठेका, नाकातून आल्यासारखा आवाज, आणि पाय आपोआप हलावेत अशी चाल. माझ्या खोलीसोबत्याने वहीतून डोके वर काढले आणि विचारले, "काय रे, हे भजन आहे की फडावरचे गाणे?"

मी म्हणालो, "भजन आहे."

"मग गाणारा प्यायलेला का वाटतो?"

त्याने थट्टेने विचारले, पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. देवाचे गाणे कोणी गावे, कोठे गावे, आणि ते इतर गाण्यांच्या पंगतीला बसवावे की सोवळ्यात वेगळे ठेवावे, हा वाद अमेरिकेतील कंट्री संगीतात कित्येक वर्षे चालू आहे. 'ख्रिश्चन कंट्री' या नावाने एक स्वतंत्र गायनप्रकार तेथे आज विकला जातो. माझे मत असे की, या वेगळ्या कपाटाने भक्तीचे भले केले नाही आणि गाण्याचेही नाही. हे मत कसे बनले ते थोडे विस्ताराने सांगतो.

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यापाड्यांतले, शेतकऱ्यांचे, खाणकामगारांचे, गिरणीकामगारांचे गाणे. त्याच्या जन्माचा मुहूर्त सांगायचा तर बहुतेक जण १९२७ साल सांगतात. त्या वर्षीच्या जुलैअखेरीस व्हिक्टर कंपनीतर्फे राल्फ पिअर नावाचा गृहस्थ टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन उतरला. दोन आठवड्यांच्या आत त्याने आसपासच्या मुलखातून आलेल्या गायक-वादकांची ७६ गाणी मुद्रित केली. कंट्रीचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे कार्टर कुटुंबीय आणि जिमी रॉजर्स हे दोघेही याच मुक्कामात प्रथम यंत्रासमोर उभे राहिले. त्या गाण्यांत प्रार्थनेची, मरणाची आणि परलोकाची गाणी भरपूर होती. डोंगरातला माणूस आपल्या गाठोड्यात जे होते ते घेऊन आला. त्यात प्रेमभंग होता, रेल्वेचा अपघात होता, तसा येशूही होता. यातले कोणते पवित्र आणि कोणते अपवित्र, असे त्याने निवडत बसायचे कारणच नव्हते.

पुढे ज्या वास्तूत हे संगीत नावारूपाला आले तिची कथाही मोठी बोलकी आहे. नॅशव्हिल शहरात टॉमस रायमन नावाचे एक आगबोटींचे मालक होते. १८८५ साली सॅम जोन्स या धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकून त्यांचे मन पालटले आणि त्यांनी प्रवचनांसाठी एक भव्य प्रार्थनामंदिर बांधायला घेतले. ते १८९२ साली उघडले. याच वास्तूत १९४३ पासून १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री संगीताचा प्रसिद्ध कार्यक्रम होत असे आणि शनिवारी रात्री तो रेडिओवरून घरोघरी पोहोचत असे. श्रोत्यांना बसायला चर्चचीच लाकडी बाके होती. त्या बाकांवर बसून लोकांनी दारूची गाणी ऐकली, मोडलेल्या संसारांची ऐकली, आणि देवाचीही ऐकली. शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ यांच्यामध्ये भिंत नव्हती. एकच बाक होते.

आता हँक विल्यम्सकडे वळू. अलाबामातील या मुलाची आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. मुलगा मोठा कवी झाला, मोठा गायक झाला आणि दारूच्या पार आहारी गेला. 'आय सॉ द लाइट' ही त्याची तबकडी १९४८ साली निघाली. अंधारात चाचपडणाऱ्याला प्रकाश दिसला, एवढाच गाण्याचा आशय. ऑप्रीतील विनोदी नटी मिनी पर्ल यांनी त्याची १९५२ सालची एक आठवण सांगून ठेवली आहे. त्याने पिऊ नये म्हणून मंडळी त्याला मोटारीतून फिरवीत होती. वेळ जावा म्हणून सर्वांनी मिळून हेच गाणे सुरू केले. गाता गाता हँक मध्येच थांबला आणि प्रकाश वगैरे काही नाहीच, असे म्हणाला. पुढे थोड्याच महिन्यांनी, १ जानेवारी १९५३ रोजी, ओहायोतील कँटन येथील कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर तो मरण पावला. वय अवघे २९. कँटनच्या सभागृहात ही बातमी जाहीर झाली तेव्हा बरोबरच्या कलावंतांनी हेच गाणे म्हटले, आणि श्रोत्यांनीही त्यात सूर मिसळला.

हा माणूस ढोंगी होता काय? मला तसे वाटत नाही. ज्याला प्रकाश कायमचा मिळाला आहे त्याला त्याचे एवढे अप्रूप राहत नाही. ज्याला तो क्षणभर दिसतो आणि पुन्हा हरवतो, त्याच्याच गळ्यातून असे गाणे निघते. खोलीसोबत्याला जो प्यायलेला आवाज वाटला, तोच या भजनाचा प्राण आहे.

हँक एकटाच असा होता असेही नाही. लूव्हिन बंधूंनी १९५९ साली 'सेटन इज रिअल' नावाची ध्वनिमुद्रिका काढली. सैतान खरोखरच आहे, हे बजावण्यासाठी तिच्या वेष्टनावर लाकडी फळ्यांचा प्रचंड सैतान उभा केला होता आणि त्याच्यापुढे खरा जाळ पेटवला होता. आज ते चित्र पाहून हसू येते. पण दोन भावांचे एकमेकांत विरघळलेले स्वर ऐकले की हसू मावळते. थोरला भाऊ आयरा स्वतः अट्टल मद्यपी होता. रागाच्या भरात तो आपले मँडोलिन आपटून फोडीत असे. सैतानाची त्याची ओळख पुस्तकी नव्हती.

जॉनी कॅशची गोष्ट याहून वेगळी, पण तिचे मर्म तेच. धर्मोपदेशक होण्याची इच्छा बाळगणारा त्याचा थोरला भाऊ जॅक १९४४ साली यांत्रिक करवतीच्या अपघातात गेला, आणि ते दुःख जॉनीने जन्मभर वागवले. त्याला आरंभापासून भक्तिगीते मुद्रित करायची होती. पहिल्या कंपनीने दाद दिली नाही, तेव्हा तो दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तेथे १९५९ साली त्याची स्तोत्रांची ध्वनिमुद्रिका निघाली. तथापि त्याच्या भक्तीची खरी कसोटी मला दिसते ती १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सम तुरुंगात झालेल्या कार्यक्रमात. खून, कोकेन आणि फाशी यांची गाणी कैद्यांपुढे गाऊन झाल्यावर शेवटी त्याने तुरुंगातील प्रार्थनागृहावरचे एक गाणे म्हटले. ते ग्लेन शर्ली नावाच्या तेथल्याच एका कैद्याने रचलेले होते, आणि तो समोर श्रोत्यांत बसलेला होता. आधीची गाणी वगळून हे एकटे ऐका. बरे वाटेल, इतकेच. सगळे ओळीने ऐका, म्हणजे तुरुंगाच्या आवारात देवाचे दार उघडे असणे म्हणजे काय ते कळेल.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या काळाची मी एवढी स्तुती करतो आहे, त्या काळातही कपाटे होतीच. ती माणसाच्या कातडीच्या रंगावरून केलेली होती. कंपन्या कृष्णवर्णीयांच्या तबकड्या 'रेस रेकॉर्ड्‌स' म्हणून विकत आणि गोऱ्या खेडुतांच्या 'हिलबिली' म्हणून. गाण्यांनी मात्र ही वाटणी कधी मानली नाही. ए. पी. कार्टर डोंगरांतून गाणी गोळा करीत हिंडे, तेव्हा त्याच्याबरोबर लेझ्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द उतरवून घेई आणि रिडल चाली ध्यानात ठेवी. कार्टर कुटुंबाचे नाव जगभर झाले. रिडलचे नाव बाहेर यायला कित्येक दशके जावी लागली. टॉमस डॉर्सी याचे उदाहरण त्याहून बोलके आहे. धर्मोपदेशकाचा हा कृष्णवर्णीय मुलगा 'जॉर्जिया टॉम' या नावाने चावट ब्लूज गाणी वाजवून पोट भरी. १९३२ साली बाळंतपणात त्याची पत्नी गेली, पाठोपाठ तान्हे मूलही गेले, आणि त्या शोकातून त्याने 'प्रेशस लॉर्ड' हे गीत रचले. त्याचेच 'पीस इन द व्हॅली' हे गीत १९५१ साली रेड फॉली या गोऱ्या कंट्री गायकाने गाऊन लोकप्रिय केले. म्हणजे कंट्रीतील एक अत्यंत गाजलेले भक्तिगीत कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनेतून, आणि त्याच्याही आधी ब्लूजच्या मैफिलीतून आलेले आहे. कपाटे विक्रेत्यांनी केली. गाणी फटीतून निसटून गेली.

रंगाचे कपाट अन्यायाचे होते हे आज सर्वांना मान्य आहे. १९९० नंतरच्या काळात बाजाराने सोवळ्याचे दुसरे कपाट थाटले. 'ख्रिश्चन कंट्री' किंवा 'पॉझिटिव्ह कंट्री' अशा नावांखाली निराळे गायक, निराळे रेडिओ कार्यक्रम, निराळी पारितोषिके आली. यातले गायक वाईट गातात असे मुळीच नाही. सूर चोख असतात, वादन उत्तम असते. पण बरीच गाणी ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले की, यांत पापी माणूस भेटतो तो नेहमी भूतकाळात. मी असा होतो, आता सुधारलो. सगळे कसे निस्तरलेले. शंका नाही, भांडण नाही, पुन्हा घसरण्याची भीती नाही. अशा गाण्याला प्रमाणपत्र म्हणावे. त्याला प्रार्थना म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मुलाबाळांसह ऐकता येतील अशी गाणी श्रद्धावान कुटुंबाने मागितली तर त्यात चूक काय? काहीच चूक नाही. कोणी घरी काय ऐकावे हे मी कोण सांगणार? माझी तक्रार श्रोत्याशी नाही. आधीच पटलेल्या माणसालाच पटवीत राहणाऱ्या कलेशी आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड जातो. शनिवारी प्यायचे, रविवारी रडायचे, आणि दोन्हींचे पैसे करायचे, हाही एक धंदाच नव्हे काय? आहे. कंट्रीच्या मुख्य बाजारातही देवाचे नाव नाण्यासारखे चालवणारे पुष्कळ आहेत. पण एकाच कपाटात असले की गाण्याला शेजार मिळतो. भक्तिगीताच्या आधी घटस्फोटाचे आणि नंतर तुरुंगाचे गाणे लागते, आणि त्यांच्यामध्ये ते खोटे वाजले तर श्रोत्याला तात्काळ कळते. वेगळ्या कपाटात त्याची परीक्षा घ्यायला कोणी नसते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत चांगला पुरावा मला त्या वेगळ्या कपाटातच सापडला. रँडी ट्रॅव्हिसचे 'थ्री वुडन क्रॉसेस' हे गाणे २००२ साली त्याच्या भक्तिगीतांच्या ध्वनिमुद्रिकेत आले, ख्रिस्ती संगीताच्या कंपनीकडून आले, आणि दुसऱ्या वर्षी सर्वसाधारण कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. कथा अशी: एका बसमध्ये शेतकरी, शिक्षक, धर्मोपदेशक आणि एक वेश्या. अपघात होतो, तिघे मरतात. मरता मरता धर्मोपदेशक आपले बायबल त्या बाईच्या हातात देतो, आणि पुढे तिचा मुलगा चर्चच्या व्यासपीठावरून ही हकिकत सांगतो. या गाण्याला भिंत ओलांडता आली, कारण त्याने वेश्येला बसमधून उतरवून दिले नाही.

आपल्याला हे सारे परके वाटायचे कारण नाही. अमेरिकेतील मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे त्यांच्या 'अमेरिकन मराठी मिशन'ने येथे जी स्तोत्रे आणली, ती तिकडच्या चालींवर मराठी शब्द बसवलेली असत. मराठी ख्रिस्ती माणसाचा गळा मोकळा झाला तो कीर्तन, पदे आणि अभंग यांतून. आणि त्यात १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा वाटा फार मोठा. त्यांची पदे मराठी चर्चमध्ये आजही गातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशा अर्थाचे टिळक सांगत. ज्या तुकोबांनी देवाशी कडाकडा भांडण केले, त्यांचा तो पूल होता हे विसरू नये. टेनेसीच्या डोंगरातल्या गायकाने जे केले तेच टिळकांनी अहमदनगरात केले: आपल्या माणसांच्या रोजच्या चालीत देवाला हाक मारली.

आपल्या स्नेहसंमेलनातही एक छोटे कपाट असते. आरंभी ईशस्तवन उरकायचे, गायिकेला नारळ द्यायचा, आणि मग देवाला रजा देऊन 'खऱ्या' कार्यक्रमाला लागायचे. पुढच्या वर्षी कोणी हिंमत करून कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर, दोन रंगेल गाण्यांच्या मधोमध, तुकोबांचा एखादा भांडखोर अभंग मनापासून म्हणून पाहील काय? सभागृहात हशा पिकेल की शांतता पसरेल हे मी सांगू शकत नाही. पण त्या अभंगाची परीक्षा मात्र खरी होईल.

माझ्या खोलीसोबत्याला त्या संध्याकाळी मी "भजन आहे" एवढेच सांगितले होते. ते उत्तर अर्धे होते. भजनही आहे आणि फडावरचे गाणेही. ते तसे आहे म्हणूनच मी ऐकतो.