मतदारयादीत कोण नाही?

आमच्या समाजकार्य व्यावसायिकांच्या संघटनेची नवी कार्यकारिणी निवडून आली आहे. सगळी माणसं कामाची आहेत. कुणी महाविद्यालयात शिकवण्यात हयात घालवली, कुणी सरकारी दवाखान्याच्या समाजसेवा विभागात, तर एक जण बालगृहांच्या कामात केस पांढरे केलेले. मी मत दिलेले उमेदवार निवडून आले, न दिलेलेही आले, आणि दोघांविषयी मनात आदर आहे. अभिनंदनाचे संदेश आता ओसरलेत, म्हणून एक मागणं मांडते. सत्कार, परिषद, दिनदर्शिका हे विषय घेण्याआधी पहिल्याच बैठकीत मतदारयादी टेबलावर ठेवावी आणि तिच्यात कोण नाही, याचा शोध घ्यावा.

यादीत आजीव सभासद भरपूर आहेत. नोकरीत कायम झाल्यावर एकरकमी वर्गणी भरलेली ही पिढी. त्यातले काही निवृत्त झाले, काही व्यवसाय सोडून गेले, काही परदेशी स्थायिक झाले. नावं मात्र शाबूत आहेत, आणि त्यात वावगं काही नाही. या मंडळींनीच संघटना उभी केली. पण एचआयव्ही समुपदेशन केंद्रात दिवसभर एकामागून एक माणसांसमोर बसणारी समुपदेशक त्या यादीत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातला गृहभेटी करणारा मुलगा नाही. वन स्टॉप सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी केसवर्कर नाही. कारखान्यांच्या सीएसआर निधीवर दोन वर्षांच्या प्रकल्पात राबणारे नाहीत. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोली इथली नावं तर हुडकावीच लागतात.

त्यांना कुणी मुद्दाम बाहेर ठेवलेलं नाही. नियमांनी ते आपोआप घडतं. वार्षिक वर्गणी 31 मार्चच्या आत भरायची. अकरा महिन्यांच्या करारावरच्या माणसाचा पगार नेमका त्याच सुमाराला अडकलेला असतो, कारण नव्या वर्षाचा निधी यायचा असतो आणि मध्ये तांत्रिक खंड दाखवलेला असतो. वर्गणी थकली की मताधिकार गेला. उमेदवारीला सूचक आणि अनुमोदक हवेत, तेही चालू सभासद. मतदान प्रत्यक्ष हजर राहून, तेही मुंबईत किंवा पुण्यात, रविवारी. चंद्रपूरहून यायचं तर शनिवारची रजा, जाण्यायेण्याचं तिकीट आणि राहण्याची सोय हवी. अठरा-वीस हजारांवर घर चालवणारी मुलगी हा खर्च का करील? तिला विचारलं तर ती सरळ सांगते, “ताई, संघटना आमच्यासाठी काय करते ते कळलं तर येऊ ना.” तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे आजही समाधानकारक उत्तर नाही, आणि ते द्यायची जबाबदारी आता निवडून आलेल्यांवर आहे.

थोडं मागे जायला हवं. आपल्या देशात समाजकार्याचं व्यावसायिक शिक्षण मुंबईत सुरू झालं. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी 1920 च्या दशकात नागपाडा नेबरहूड हाउस उभं केलं, आणि त्याच नागपाड्यात 1936 मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली, जिला आज आपण ‘टिस’ म्हणतो. दहा वर्षांनी, 1946 मध्ये, जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. गिरण्यांच्या मुंबईत या एका कलमाने प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांना कायम पगाराच्या जागा मिळवून दिल्या. आपल्या संघटनांच्या घटना लिहिल्या गेल्या त्या अशाच नोकऱ्यांच्या काळात. आजीव वर्गणी, प्रत्यक्ष मतदान, दर दोन-तीन वर्षांनी निवडणूक, हे सगळं त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं, ज्याची नोकरी पुढच्या निवडणुकीलाही तीच असणार होती. गिरण्या गेल्या, सरकारी भरती आटली, काम प्रकल्पांमध्ये विभागलं गेलं. आमची घटना तशीच राहिली.

राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची एक संघटना 1964 मध्ये स्थापन झाली होती. ती कालांतराने विरली. एमएसडब्ल्यूच्या वर्गात तिचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. ती का विरली, यावर मात्र प्रत्येक नव्या कार्यकारिणीने एक दुपार खर्च करावी. माझं मत असं की नव्या माणसाला आपली वाटली नाही तर कुठलीही संघटना पुढची पिढी पाहत नाही.

या विषयावर बोलताना मला नेहमी नारायण मल्हार जोशी आठवतात. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरून रोज हजारो माणसं जातात. त्या ना. म. जोशींनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि कामगारवस्त्यांमध्ये वाचनालयं, रात्रशाळा, दवाखाने चालवले. ते भारत सेवक समाजाचे, नेमस्त वळणाचे गृहस्थ. पण वस्तीत काम करताना त्यांच्या लक्षात आलं की रात्रशाळेत येणारा कामगार चौदा-चौदा तास राबून येतो, आणि त्याच्या कामाच्या अटी बदलल्याशिवाय शाळेचा उपयोग अर्धाच. 1920 मध्ये आयटक उभी राहिली तिच्या संस्थापकांत ते होते. 1926 मध्ये गिरणी कामगारांची युनियन त्यांनी बांधली. सेवा आणि संघटन ही दोन कामं त्यांना वेगळी वाटली नाहीत. आमच्या व्यवसायाने त्यांच्याकडून सेवा घेतली आणि संघटन दुसऱ्यांसाठी राखून ठेवलं. घरकामगार, कचरावेचक, ऊसतोड मजूर यांच्या संघटना बांधायला आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. त्याच विद्यार्थ्याने नोकरी लागल्यावर स्वतःच्या कराराविषयी प्रश्न विचारला तर त्याला समर्पण कमी पडतं असं ऐकवलं जातं. हे थांबायला हवं, आणि निवडून आलेल्या मंडळानेच ते जाहीरपणे म्हणायला हवं.

आता दवाखान्याचं बोलते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना 2006 पासून लागू आहे. अशा रुग्णालयात दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या. इतर रुग्णांच्या एकूण बिलातली दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. कागदावर इतकं स्वच्छ. पण रुग्ण निर्धन आहे की नाही, हे पाहतं कोण? शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, घरी कमावतं कोण, गावाकडे जमीन आहे का, असली तर तिला पाणी आहे का, हे सगळं बघणारी व्यक्ती म्हणजे वैद्यकीय समाजसेवक. सरकारी रुग्णालयात हिचं पद ‘समाजसेवा अधीक्षक’ असतं, रुग्णांच्या तोंडी ती नुसती ‘मॅडम’.

तिच्या टेबलावर रोज काय येतं? लातूरकडचा एक बाप, मुलगी अतिदक्षता विभागात, हातात पिवळ्या शिधापत्रिकेची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला. बिलिंग विभाग म्हणतो, दाखला नवा आणा. तहसील कार्यालय पाचशे किलोमीटरवर. मॅडमने गावच्या तलाठ्याला फोन लावायचा, दाखला मिळेपर्यंत मुदत मागून घ्यायची, तोवर उपचार चालू ठेवायला डॉक्टरांना गळ घालायची आणि व्यवस्थापनाला लेखी कळवायचं की हा रुग्ण योजनेत बसतो. हे लेखी कळवणं म्हणजे रुग्णालयाच्या त्या महिन्याच्या उत्पन्नातून काही लाख वजा करणं. आता ही मॅडम जर अकरा महिन्यांच्या करारावर असेल आणि करार वाढवायचा की नाही हे त्याच व्यवस्थापनाच्या हातात असेल, तर तिने कुणाच्या बाजूने लिहावं अशी आपली अपेक्षा आहे? अनेक जणी रुग्णाच्या बाजूने लिहितात. मी त्यांना ओळखते. त्यातल्या काहींचे करार पुढे वाढले नाहीत. पत्रावर कारण कधीच लिहिलेलं नसतं.

अशा वेळी पाठीशी उभी राहणारी संस्था कोणती? वकिलाला बार कौन्सिल आहे, परिचारिकेला नर्सिंग कौन्सिल आहे. समाजकार्याच्या राष्ट्रीय परिषदेचा मसुदा 1990 च्या दशकात झाला होता, त्याचा कायदा झाला नाही. 2021 च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याने वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्त्यांना आपल्या यादीत घेतलं, ही मोठी गोष्ट आहे, आणि त्याखालची नोंदणी राज्यात नीट व्हावी यासाठी संघटनेने आतापासून पाठपुरावा केला पाहिजे. पण बालकांसोबत, तुरुंगात, पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षात किंवा वस्तीत काम करणारे त्या कायद्याबाहेर राहतात. त्यांच्यासाठी आज तरी स्वतःच्या संघटनेशिवाय दुसरं दार नाही.

कंत्राटाची झळ फक्त लहान संस्थांना लागते असंही नाही. 1996 मध्ये मुंबईत टिसच्या प्रकल्पातून सुरू झालेली 1098 ही चाइल्डलाइन 2023 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी यंत्रणेत गेली. त्या बदलाच्या चांगल्या-वाईटाबद्दल मतं असू शकतात. पण मध्यरात्री रेल्वे फलाटावर जाऊन मुलांना उचलून आणणारे, त्यांना बालकल्याण समितीपुढे उभं करणारे अनुभवी कार्यकर्ते त्या बदलात कुठे गेले, त्यांचा अनुभव कुणी लिहून घेतला का, हे विचारायला कुणीतरी हवं होतं. आणि 2024 च्या जूनमध्ये खुद्द टिसमधल्या शंभराहून अधिक कंत्राटी अध्यापक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा मिळाल्या. गवगवा झाल्यावर त्या मागे घेतल्या गेल्या, हे बरं झालं. मातृसंस्थेतही कराराची दोरी इतकी कच्ची असेल, तर जिल्ह्याच्या गावातल्या समुपदेशकाने काय समजावं?

संघटनेने फक्त आपल्या माणसांची बाजू घ्यावी असं मात्र मी म्हणत नाही. आपल्यातल्या चुकणाऱ्याला विचारणाराही कुणी नाही, ही तितकीच गंभीर गोष्ट आहे. धान्याचं पाकीट देताना मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो समाजमाध्यमांवर टाकले जातात, लैंगिक अत्याचारातून सुटलेल्या मुलीची हकीकत नाव बदलून पण गाव सांगून निधी मागणाऱ्या पत्रकात छापली जाते. बाल न्याय कायद्याचं 74 वं कलम काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला मनाई करतं, त्यासाठी शिक्षाही आहे. पण पोलिसांत जाण्याआधीची एक पायरी व्यवसायाची स्वतःची असायला हवी. तक्रार आली तर ऐकून घेणारी, दोन्ही बाजू तपासून निर्णय देणारी नीतिसमिती नव्या मंडळाने नेमावी, आणि तिच्यात एक तरी सदस्य असा असावा जो कधीकाळी स्वतः या सेवांचा लाभार्थी होता. बालगृहात वाढलेली, आज स्वतः एमएसडब्ल्यू झालेली माणसं आपल्यात आहेत.

काम सुरू करायला मुहूर्त लागत नाही, पण मुदत लागते. नवं मंडळ आल्यावर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. कार्यालयात सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. कित्येक संस्थांचे हे अर्ज जुन्या वादांमुळे वर्षानुवर्षं पडून राहतात आणि नवी माणसं स्वाक्षरीचे अधिकार नसलेली पदं मिरवत राहतात. म्हणून हा अर्ज पहिल्या महिन्यातच द्यावा, जुने राहिलेले अर्जही त्याच वेळी मार्गी लावावेत. आणि याच नव्वद दिवसांत घटनादुरुस्तीचा मसुदा तयार व्हावा. करारातल्या खंडाच्या काळात सभासदत्व टिकावं. वर्गणी पगाराच्या प्रमाणात असावी आणि हप्त्याने भरता यावी. मतदान विभागवार, ऑनलाइनही व्हावं. कार्यकारिणीत कंत्राटी क्षेत्रकार्यकर्त्यांसाठी जागा राखीव असाव्यात, त्यांपैकी निम्म्या विदर्भ, मराठवाडा, खानदेशासाठी. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं मोठ्या प्रमाणात याच भागांत आहेत, तिथून दरवर्षी दलित, आदिवासी, भटक्या समाजातली, घरातली पहिलीच पदवीधर असलेली मुलं-मुली बाहेर पडतात आणि राज्यातलं सगळ्यात अवघड क्षेत्रकार्य तीच करतात. त्यांच्याशिवायचं मंडळ किती का गुणी असेना, ते व्यवसायाचं प्रतिनिधित्व करू शकत नाही.

यावर एक आक्षेप येणार, तो आधीच ऐकला आहे. राखीव जागा ठेवल्या तर माणसं मिळणार नाहीत, मिळाली तर टिकणार नाहीत, दर वर्षी नोकरी बदलणारा सदस्य बैठकीला येणार कसा? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की बैठकीचा प्रवासखर्च संघटनेने द्यावा, निम्म्या बैठका जिल्ह्यांत घ्याव्यात, आणि नोकरी बदलली तरी पद टिकेल अशी तरतूद करावी. एखाद्या परिषदेचं भोजन साधं ठेवलं तरी वर्षभराचा प्रवासखर्च निघेल, हे जुने खजिनदारही मान्य करतील.

पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ही घटनादुरुस्ती यावी, म्हणून सचिवांना लेखी पत्र देत आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदक म्हणून विदर्भातल्या एका कंत्राटी समुपदेशकाची सही हवी आहे. ती तयार आहे, पण तिचं सभासदत्व मागच्या मार्चमध्ये खंडित झालं. थकबाकीसह तिचा अर्ज कार्यालयात पोहोचला आहे. तो पहिल्याच बैठकीत मंजूर करावा, एवढी नव्या कार्यकारिणीला विनंती.