रिकामा रकाना आणि परत गेलेलं बिल

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वीकांताला कामाचं काही वाचायचं नसेल त्यांना इथूनच सटकता येईल. अमेरिकेत कामावर जखमी झालेल्या माणसाच्या औषधाचं बिल विमा कंपनी 'अपूर्ण' म्हणून परत पाठवते. त्या बिलात जे लिहायचं राहिलेलं असतं, ते कितीतरी वेळा त्याच कंपनीच्या डेटाबेसमध्ये निवांत पडलेलं असतं. परत पाठवायचा हा निर्णय बहुतेकदा माणूस घेत नाही, एक इफ-एल्स घेतो. आणि असे इफ-एल्स लिहिणारे बरेच जण हिंजवडीत, मगरपट्ट्यात आणि ऐरोलीत बसतात. त्यामुळे 'त्यांच्या देशाचा प्रश्न, आपल्याला काय' असं म्हणून हात झटकायची सोय नाही.

ज्यांचा या डोमेनशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च कामगाराच्या नेहमीच्या आरोग्य विम्यातून होत नाही. मालकाने घेतलेल्या वर्कर्स कॉम्पेन्सेशनच्या विम्यातून होतो. हा कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा. आता गंमत बघा. आरोग्य विम्याच्या व्यवहारांसाठी हिपा कायद्याखाली देशभर एकच इलेक्ट्रॉनिक मानक आहे, पण हिपाच्या 'हेल्थ प्लॅन'च्या व्याख्येतून वर्कर्स कॉम्प वगळलेलं आहे. म्हणून त्याच काउंटरवर, त्याच गोळ्यांसाठी, साध्या विम्याचं उत्तर काही सेकंदांत येतं. वर्कर्स कॉम्पमध्ये दुकान आणि विमा कंपनी एकाच पीबीएमच्या जाळ्यात असतील तर तिथेही येतं. नसतील तर फॉर्म भरा, पाठवा आणि वाट बघा.

मी टेक्सासचं उदाहरण घेतो, कारण तिथले नियम मला सगळ्यात जास्त पाठ झालेत. (नाइलाज! पोटासाठी माणूस काय काय पाठ करतो.) तिथल्या औषधाच्या कागदी बिलाचा फॉर्म म्हणजे डीडब्ल्यूसी-०६६. रकाने तीसच्या आसपास. दुकानाचं नाव-पत्ता, दुकानाचा एनपीआय नंबर, पैसे ज्याला द्यायचे त्याचा टॅक्स नंबर, विमा कंपनीचं नाव, मालकाचं नाव-पत्ता, कामगाराचं नाव-पत्ता, त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर, जन्मतारीख, इजेची तारीख, डॉक्टरचं नाव-पत्ता आणि त्याचा एनपीआय. मग खरं औषध येतं : कोणत्या तारखेला दिलं, जेनेरिक की ब्रँडेड, एनडीसी कोड, किती गोळ्या, किती दिवसांच्या, नाव आणि स्ट्रेंग्थ, प्रिस्क्रिप्शन नंबर, रक्कम.

आता ही यादी इंजिनिअरच्या नजरेने परत वाचा. यातल्या किती गोष्टी फक्त औषधवाल्यालाच ठाऊक आहेत? औषध, संख्या, दिवस, तारीख, डॉक्टर, रक्कम आणि स्वतःची ओळख. मालकाचा पत्ता? विमा कंपनीनेच त्या मालकाला पॉलिसी विकली आहे. कामगाराची जन्मतारीख, इजेची तारीख? इजेमुळे कामगार एका दिवसाहून जास्त गैरहजर राहिला की मालकाला आठ दिवसांत विमा कंपनीकडे इजेचा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात हे सगळं असतं. म्हणजे ज्याला माहिती नाही त्याने ती ज्याच्याकडे आहे त्यालाच लिहून कळवायची, आणि चुकून राहिली तर त्याच्याकडूनच बोलणी खायची. सात-बारा ज्या तलाठी कार्यालयातून मिळतो त्याच कार्यालयात त्याची झेरॉक्स जोडायला लावतात ना, तसलाच हा प्रकार.

बरं, नियम लिहिणारे इतके मठ्ठ नव्हते. टेक्सास प्रशासकीय संहितेच्या २८व्या भागातला १३३.२०० हा नियम बघा. बिल अपूर्ण असेल तर विमा कंपनीने ३० दिवसांच्या आत दोनपैकी एक गोष्ट करायची. एक, स्वतःला आधीच माहीत असलेली माहिती घालून बिल स्वतःच पूर्ण करायचं. यात उपचाराची तारीख, प्रोसीजर कोड, युनिट्सची संख्या आणि रक्कम या चार गोष्टींना हात लावायचा नाही, बाकीचं भरायला परवानगी आहे. किंवा दोन, बिल परत पाठवायचं. शिवाय पाठवणाऱ्याला फोन करून राहिलेली माहिती विचारायलाही नियमाची आडकाठी नाही. क्लेम नंबरबद्दल तर बिलाच्या नियमातच स्पष्ट लिहिलंय की औषधवाल्याला तो माहीत नसेल तर रकाना कोरा सोडावा.

दोन दरवाजे आहेत, आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच बांधला जातो. पहिल्या दरवाज्यासाठी क्लेमच्या टेबलाशी जोड घालावी लागते, नावांच्या स्पेलिंगचा घोळ निस्तरावा लागतो, दोन सारखी नावं आली तर माणसाकडे पाठवायची सोय करावी लागते. दोन-तीन आठवड्यांचं काम. दुसऱ्या दरवाज्याला एक ओळ पुरते : रकाना रिकामा, बिल परत. रिक्वायरमेंटमध्ये हेच लिहून येतं, टेस्ट केसही तशीच असते, आणि पास झाली की सगळे खूश. मी ज्या क्लायंटच्या प्रोजेक्टवर होतो तिथे पहिल्या दरवाज्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळालं, "नाइस टू हॅव, फेज टू." फेज टू कधी येते हे वाचकांना मी सांगायला नको.

'कागदच तर परत गेला, एवढं काय' असं वाटत असेल तर घड्याळ बघा. औषध दिल्यापासून ९५ दिवसांत बिल विमा कंपनीकडे पोचलं पाहिजे. विमा कंपनीला निर्णयासाठी ४५ दिवस, पण ते 'पूर्ण' बिल मिळाल्यापासून मोजायचे. परत आलेलं बिल दुरुस्त करून पाठवलं की ते नवं बिल धरलं जातं. समजा औषध दिल्यावर दहाव्या दिवशी बिल पोचलं. कंपनीने तिसाव्या दिवशी परत केलं, झाले ४०. दुकानदाराने दुरुस्त करून पुन्हा पोचवेपर्यंत ५०. तिथून ४५, म्हणजे ९५. मालकाचा पत्ता राहिला म्हणून तीन महिने पैसे अडकले, आणि कोणीही कुठलाच नियम मोडलेला नाही! मधल्या काळात एखादा वैतागून पुन्हा पाठवायचंच सोडून देतो, किंवा त्याची ९५ दिवसांची मुदत उलटून जाते. विमा कंपनीच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला.

पण दुकानदाराचा खोकला गेला तरी कामगाराची पाठ दुखायची थांबत नाही. दोनदा हात पोळलेला दुकानदार तिसऱ्या वर्कर्स कॉम्पवाल्याला काय सांगेल? "आम्ही हे घेत नाही, रोख द्या." कामगाराने खिशातून पैसे भरले तर परत मिळायची सोय आहे : पत्र लिहा, पावती जोडा, प्रिस्क्रिप्शनची माहिती द्या आणि ४५ दिवस थांबा. ज्याचा पगार थांबलाय, हात प्लास्टरमध्ये आहे, त्याला आपण पत्रलेखन शिकवतोय. आणि ज्याच्याकडे रोख नाही तो औषध न घेताच घरी जातो. तो कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही, कारण न घेतलेल्या औषधाचं बिल नसतं.

औषध थांबू शकत नाही हे टेक्सासला कळत नव्हतं असंही नाही. डिसेंबर २००२ पासूनच्या इजांसाठी तिथे नियम आहे : विमा आहे आणि इजा कळवली गेली आहे एवढी खात्री औषधवाल्याने आधी करून घेतली, तर पहिल्या सात दिवसांची ठरावीक औषधं विमा कंपनीने द्यायची, मग इजेची जबाबदारी कोणाची हा वाद चालू असला तरी. शहाणा नियम आहे. मग आठव्या दिवशी असं काय बदलतं की मालकाचा पत्ता माणसाच्या दुखण्यापेक्षा मोठा होतो?

आता दुसरी बाजू. 'अरे, यात फ्रॉड किती चालतो माहितीय का?' हो, माहितीय. मिश्रणं करून बनवलेल्या मलमांच्या अवाच्या सवा बिलांवर अमेरिकेत खटले झालेत. ओपिऑइडचा कहर सगळ्या जगाने पाहिलाय. म्हणून टेक्सासने सप्टेंबर २०११ पासून नव्या क्लेम्ससाठी आणि सप्टेंबर २०१३ पासून जुन्या क्लेम्ससाठी बंदिस्त औषधसूची आणली, ठरावीक औषधांना पूर्वपरवानगी लावली. जुलै २०१८ पासून तर मिश्रण करून बनवलेल्या सगळ्याच औषधांना ती लागते. या नियमांच्या मी पूर्ण बाजूने आहे. हे नियम विचारतात, 'हे औषध का?' रिकाम्या रकान्याचा नियम विचारतो, 'मालकाचा पिन कोड कुठाय?' दोन्ही प्रश्नांना एकाच 'नियंत्रण' नावाच्या पिशवीत कोंबू नका.

कारण साधी गोष्ट आहे : खोटं बिल सहसा अपूर्ण नसतं. ज्याचा धंदाच खोटी बिलं लावायचा आहे, तो फॉर्म अगदी सुवाच्य, सगळे रकाने भरून पाठवतो. रकाना राहतो तो कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाचा, जिथे एकच माणूस गोळ्याही मोजतो आणि बिलंही करतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दर ठरवायला म्हणावं, तर तिथेही रकान्यांचा डोंगर लागत नाही. सूत्र ठरलेलं आहे : जेनेरिकला एका गोळीची सरासरी घाऊक किंमत गुणिले गोळ्या गुणिले १.२५ अधिक ४ डॉलर, ब्रँडेडला १.२५ च्या जागी १.०९. बिलातली रक्कम याहून कमी असेल तर ती. एक डॉलरवाल्या तीस जेनेरिक गोळ्यांचे साडेएकेचाळीस डॉलर. सूत्राला एनडीसी आणि संख्या हवी, मालकाचा पत्ता नको.

काय करता येईल? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, नियमातल्या त्या 'किंवा'ला क्रम द्या : आधी माहीत असलेलं भरा, ते शक्य नसेल तरच परत पाठवा. दुसरी, जी माहिती कंपनीकडे आधीच होती तिच्या अभावी बिल परत केलं असेल, तर ४५ दिवस पहिल्या बिलाच्या तारखेपासून मोजा. तिसरी, कुठल्या रकान्यासाठी किती बिलं परत गेली याचे आकडे कंपन्यांना जाहीर करायला लावा. पहिल्या दोन टेक्सासच्या हातात आहेत. तिसरीची सुरुवात कुठलाही डेव्हलपर करू शकतो. डेटा आपल्याच टेबलात आहे, एक ग्रुप बाय लागेल, दुपारच्या चहाच्या आत होईल. तो आकडा स्टेटस कॉलमध्ये क्लायंटसमोर ठेवा. फेज टू म्हणणारा माणूस 'परत गेलेल्यांपैकी इतक्या बिलांची माहिती आपल्याकडेच होती' हे वाक्य ऐकून निदान गप्प तरी बसतो.

आणि पुढच्या वेळी रिक्वायरमेंटमध्ये 'मँडेटरी फील्ड, ब्लँक असल्यास रिजेक्ट' असं दिसलं, तर कोड लिहायच्या आधी एकच विचारा : ही माहिती आपल्याकडे आहे का? 'हो' असं उत्तर आलं तर त्या ओळीवर भांडा. भांडायचं कुठे, हा प्रश्न नाही. रोज एक तास मीटिंगमध्ये बसतोच की.